आपण सहावे आलो

सरांनी मला शिकवलेला पहिला स्पॅनिश शब्द 'पेर्दिमोस' हा होता. म्हणजे 'हरलो'. इतर क्लासमध्ये मुलं 'नमस्कार, माझं नाव अमुक' शिकत होती तेव्हा आम्ही सहा जण खडकीत, दोन खोल्यांच्या एका घरात, सतरंजीवर बसून 'हरलो, हरलो' म्हणत होतो. शेजारच्या बाईंनी एकदा खिडकीतून विचारलं, "अहो, काय म्हणतायत ही मुलं?"

"हरलो म्हणतायत."

"कोण हरलं?"

"आपण," सर म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

'आपण' म्हणजे उत्तर स्पेनमधल्या एका छोट्या गावाचा फुटबॉल क्लब. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर त्या गावातलं कोणीतरी कधीतरी वाचेल आणि मग पुढचं सगळं त्यांना कळेल. ते कळावं असं मला वाटतं, आणि कळू नये असंही वाटतं.

सर कधी स्पेनला गेलेले नव्हते. खडकीजवळच्या एका खासगी कारखान्यात ते टर्नर होते. तरुणपणी त्यांच्या कारखान्यात स्पेनहून एक मोठं मशीन खोक्यांतून आलं आणि ते जोडायला तिकडून एक मेकॅनिक आला. महिन्याभराचं काम होतं, पण कुठला तरी एक भाग बोटीतच राहिला, म्हणून तो माणूस चार महिने पुण्यात अडकला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. सरांचं इंग्रजीही मशीनवरच्या पाट्यांपुरतंच. मग दोघांनी एका वहीत वस्तूंची चित्रं काढून समोर नावं लिहायला सुरुवात केली. आधी पाना, नट, वॉशर. मग चहा, ऊन, बायको, आई. आणि मग फुटबॉल, कारण तो मेकॅनिक दर सोमवारी आपला क्लब काल जिंकला की हरला या काळजीनं कामात चुका करायचा. तो परत गेल्यावर काही वर्षं गावच्या वर्तमानपत्राची कात्रणं पाठवत राहिला. नंतर सरांनी घर बदललं, त्यानंही बदललं असावं. कात्रणं थांबली. सरांनी मात्र संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रीतसर परीक्षा दिल्या आणि निवृत्त झाल्यावर घरीच क्लास काढला.

पुस्तक असं नव्हतंच. मंगळवारी पाच वाजता दार बंद व्हायचं. पाच वाजून एक मिनिटानं आलेल्याला सर आतून सांगायचे, "सामना सुरू झालाय." आत प्रत्येकाच्या हातात क्लबच्या आदल्या सामन्याच्या बातमीचं प्रिंट असायचं. वरचा मथळा आणि निकाल झाकलेला. सर स्वतः निकाल बघत नसत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला त्यांनी शिकवून ठेवलं होतं की बातमी इंटरनेटवर उघडून छापायची, वरच्या भागावर कागदाची पट्टी ठेवायची आणि मग प्रती काढायच्या. तोवर सर दुकानाबाहेर पाठ करून उभे राहत. एकदा झेरॉक्सवाला प्रती देताना नुसता हसला, तर सर पुढचा महिनाभर दुसऱ्या दुकानात गेले. म्हणाले, "त्यांच्या चेहऱ्यावर गोल दिसतात."

मग आम्ही एकेक वाक्य वाचत सामना खेळायचो. नव्वद मिनिटांच्या खेळाला आम्हाला दोन तास लागत. एका बातमीत पेनल्टीचं वाक्य चार ओळींचं होतं. आमच्यातल्या एकीनं ते अर्ध्यापर्यंत लावलं आणि एका शब्दाशी अडकली. तिनं कोश उघडून तो शब्द शोधेपर्यंत चेंडू हवेत होता. सर डोळे मिटून भिंतीला टेकले होते. शेवटी ती म्हणाली, "खांब. चेंडू खांबाला लागला." सर म्हणाले, "बाहेरून की आतून? पुढचं वाचा."

एका मुलानं एकदा फोनवर निकाल आधीच पाहिला आणि वाचताना त्याचं भाषांतर जरा जास्तच सुरळीत आलं. सरांनी त्याला थांबवलं. "तुम्हाला उत्तर माहीत आहे. मग तुम्ही इथं काय शिकणार? घरी जा, आईला मदत करा." तो परत आला नाही. हळूहळू आम्ही चौघंच उरलो.

मी वर्ध्याहून आले होते. पुण्याच्या मांजरी भागात दोघींबरोबर खोली घेऊन राहत होते, सकाळी एका गोदामात डेटा भरायचं काम करत होते आणि दोन बस बदलून खडकीला यायचे. भाषा आली की खराडीच्या कंपन्यांत चांगली नोकरी लागते, एवढंच मला माहीत होतं. फुटबॉलशी माझा संबंध नव्हता. पण ते वर्ष निराळं निघालं. क्लब बऱ्याच वर्षांनी वरच्या विभागात आला होता आणि लगेच परत खाली जाणार असं सगळ्या बातम्यांत लिहिलेलं असायचं. पहिले पाच आठवडे आम्ही 'हरलो'च वाचत होतो. मग एका मंगळवारी बरोबरी झाली. मग जिंकलो. दिवाळीनंतर एकदा त्या देशातल्या एका फार मोठ्या क्लबला त्यांच्याच मैदानावर आपण एका गोलनं हरवलं, आणि ती बातमी संपेपर्यंत कोणीही पाणी प्यायला उठलं नाही.

शेवटच्या सामन्याची बातमी वाचायची पाळी माझी होती. बरोबरी झाली तरी सहावा नंबर मिळणार होता, आणि सहाव्या नंबराला पुढच्या वर्षी युरोपातल्या स्पर्धेत जागा होती. मी शेवटचं वाक्य वाचलं. सर म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. सर उठले आणि ज्या फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं तो फळा त्यांनी पुसला. मग आत जाऊन पेढे आणले. एकेक दिला. कोणीतरी दुसरा मागितला तर म्हणाले, "सहावेच आलोत आपण. पहिले आलो असतो तर दोन दिले असते."

मला खराडीत नोकरी लागली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. स्पॅनिश ग्राहकांच्या तक्रारी, ऑर्डरी, फोन. माझ्या शेजारी बसणारी मुलं मोठ्या संस्थांतून शिकलेली होती, एक जण स्पेनमध्ये सहा महिने राहून आला होता. मला कोणी विचारलं की मी 'प्रायव्हेट ट्यूशन' असं म्हणून विषय बदलायचे. खडकी, सतरंजी, टर्नर, हे मी कधीच सांगितलं नाही. मंगळवारी मात्र ऑफिसातून लवकर निघून क्लासला जायचे.

आमच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीतल्या बाई दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर यायच्या. पन्नाशीच्या, घाईत असलेल्या, नीट बोलणाऱ्या. एकदा त्यांनी पुण्यात पाऊस आहे का विचारलं आणि मी भुरभुर पावसासाठी सरांनी शिकवलेला शब्द वापरला. बाई पडद्याजवळ सरकल्या.

"हा शब्द तू कुठे शिकलीस? हा फक्त आमच्या गावात म्हणतात. आता तर माझ्या आईच्या वयाची माणसंच म्हणतात."

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ते आपलंच गाव होतं.

त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. पण कॉलवर माझा मॅनेजर होता, स्पेनमध्ये राहून आलेला तो मुलगा होता. निवृत्त टर्नरच्या घरी सतरंजीवर बसून शिकले, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "माझ्या वडिलांकडून. तरुणपणी त्यांच्या कारखान्यात तुमच्या गावचा एक मेकॅनिक आला होता." आणि मग मी थांबलेच नाही. चार महिने, बोटीत राहिलेला भाग, वही, कात्रणं, सगळं सांगितलं. तो सहाव्या नंबराचा हंगाम तर मी असा सांगितला की बाई हसत हसत डोळे पुसायला लागल्या. माझे वडील वर्ध्याला धडधाकट आहेत आणि त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही.

कॉल संपल्यावर मॅनेजर म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंस? या अकाउंटची लीड आता तूच."

पुढच्या महिन्यात बाई दोन दिवसांसाठी पुण्याला येणार असं ठरलं. मंगळवारी मी ते सरांना सांगून टाकलं. वडिलांची गोष्ट अर्थातच गाळली. सरांनी हातातली बातमी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला पाच मिनिटं मिळतील का त्यांची? त्यांची सोय बघून." मी हो म्हणाले. मी हो का म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक कागद दाखवला. अकरा प्रश्न होते, सुबक अक्षरात. पहिला प्रश्न त्या मेकॅनिकचं नाव लिहून, 'हे गृहस्थ हयात आहेत का?' असा होता. शेवटचा, मैदानाच्या पूर्वेच्या भिंतीमागे खरंच बेकरी आहे का, कारण बातमीत एकदा पावाचा वास आल्याचं लिहिलं होतं.

बाई यायच्या त्या दिवशी सकाळी मी सरांना फोन केला. म्हणाले, "सर, त्यांचं येणं रद्द झालं."

"बरं," सर म्हणाले. मग म्हणाले, "तब्येत ठीक आहे ना त्यांची?"

"हो. कामामुळे रद्द झालंय."

"मग हरकत नाही. मी इस्त्री केली होती, ती काही वाया जात नाही."

दुपारी जेवायला ऑफिसजवळच्या हॉटेलात आम्ही तिघं होतो. बाई, मॅनेजर आणि मी. बाईंनी मला क्लबचा शर्ट दिला आणि म्हणाल्या, "वडिलांना बोलवायला हवं होतंस. पण असू दे. त्यांच्यासाठी मी एक गोष्ट आणली आहे." त्यांनी फोन काढला. तो मेकॅनिक जिवंत होता. बाईंच्या आईच्या शेजारच्या गल्लीत राहत होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं होतं, आणि तो सकाळपासून फोन समोर ठेवून बसला होता. "वडिलांना आत्ता कॉलवर घेता येईल का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "वडील गेले. मागच्या वर्षी."

असं खोटं बोलायला वेळ लागत असेल असं लोकांना वाटतं. मला अजिबात वेळ लागला नाही.

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या की म्हातारा वाट बघतोय, त्याला सांगायलाच हवं. त्यांनी कॉल लावला. पडद्यावर एक वाळलेला, नीट भांग पाडलेला माणूस आला. त्यानं टाय लावला होता. बाई त्याच्याशी हळू आवाजात बोलल्या. त्यानं चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला. मग त्याला माझ्याशी बोलायचं होतं. तो हळूहळू बोलत होता, परक्याला कळावं म्हणून, आणि मला प्रत्येक शब्द कळत होता. तो म्हणाला, "तुझे वडील माझ्यापेक्षा चांगले टर्नर होते. मी त्यांना हे कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा मला तो शब्द त्यांच्या भाषेत येत नव्हता आणि त्यांना माझ्या भाषेत कळला नसता. तू ऐकलंस, आता बरं वाटलं."

मी त्यांचे आभार मानले. व्याकरण बरोबर होतं.

त्यानंतर मी दोन महिने क्लासला गेले नाही. कामाचा भार आहे असा निरोप पाठवत राहिले. सर दर वेळी उत्तर द्यायचे, 'ठीक. बातमी ठेवून दिली आहे.' मग एक दिवस बाईंची मेल आली. मेकॅनिकनं एक पत्र लिहिलं होतं, आमच्या कुटुंबाला. सोबत एक फोटो होता. गावात क्लबचे लोक जिथं जमतात त्या जागेच्या भिंतीवर एक जुना कृष्णधवल फोटो लावलेला दिसत होता. मशीनपुढे दोन तरुण उभे. त्यातले एक सर होते. खाली लिहिलं होतं: 'खडकीचा आमचा मित्र. त्याला शांती मिळो.'

ते बघितल्यावर मला ऑफिसात बसवेना. मी प्रिंट काढलं आणि खडकीला गेले. क्लासचा दिवस नव्हता. सर एकटेच होते, तांदूळ निवडत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वडिलांपासून, टायपर्यंत. मधे मी रडले, तेव्हा त्यांनी ताट बाजूला ठेवून मला बसायला सांगितलं. नंतर त्यांनी पत्र वाचलं. मग फोटो हातात घेऊन खिडकीपाशी गेले.

"हा शर्ट माझ्या भावाचा आहे," ते म्हणाले. "फोटो काढायचा म्हणून मागून आणला होता. ही प्रत मला कधी मिळालीच नव्हती." बराच वेळ ते फोटोच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत मी बसले होते, आणि ते स्वतःकडे बघून हसत होते. "केस किती होते."

मी म्हणाले, "सर, मी आजच त्यांना लिहिते. खरं काय ते सगळं लिहिते."

"आणि मग तुमच्या नोकरीचं काय होईल?"

मी ताटातले तांदूळ निवडायला लागले.

"त्या बाई तुमच्या साहेबांना सांगतील. सांगायलाच हवं त्यांनी. तुम्ही आत्ता कुठे लागलात." त्यांनी फोटो फळ्याच्या चौकटीत खोचला. "राहू दे. त्यांनी शोक केला, फोटो लावला. चांगला लावलाय. आता पुन्हा जिवंत होऊन मी त्यांना काय त्रास देऊ."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एकदा तरी म्हणायला हवं होतं. त्यांनी चहा केला आणि मी तो प्यायले. खडकी स्टेशनच्या रस्त्याला लागले तेव्हा मला फार हलकं वाटत होतं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गाडीवर उभं राहून मी दोन वडापाव खाल्ले, आणि ते मला चवदार लागले. या सगळ्यात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागून राहिलेली गोष्ट तीच आहे.

ती नोकरी मी अकरा महिन्यांत सोडली. घराजवळ, मगरपट्ट्यात, थोडी बरी मिळाली म्हणून. सर ज्या नोकरीसाठी मेलेले राहिले ती मी बसचा एक तास वाचावा म्हणून सोडली. सोडल्यावर पत्र लिहायला काहीच अडचण नव्हती. आज लिहू, पुढच्या रविवारी लिहू, असं म्हणत मी लिहिलं नाही. सरांकडे परत जायला लागले होते. फोटो फळ्यावर तसाच होता. नव्या मुलांनी विचारलं तर सर सांगायचे, "डावीकडचे स्पेनचे. उजवीकडचे गेले."

या वर्षी जानेवारीत बाईंचा मेसेज आला, माझ्या खाजगी नंबरवर. मेकॅनिक झोपेतच गेला. शेवटपर्यंत दर रविवारी मैदानावर जायचा, असं त्यांनी लिहिलं होतं. मी तशीच खडकीला गेले. मंगळवार होता, वर्ग भरला होता. मला दारात बघून सरांना काय समजलं कोण जाणे, ते म्हणाले, "बसा. एवढी बातमी संपू दे." ती बातमी सगळी संपली. मुलं गेली. मग मी सांगितलं.

सर म्हणाले, "म्हणजे आता दोघंही गेलो." मग म्हणाले, "त्यांच्या घरी पत्र जायला हवं."

"सर, तुम्ही लिहा. आता तरी तुम्ही लिहा. मी त्यांना सगळं कळवते."

"आता कोणाला कळवणार? ज्यांना कळायला हवं होतं ते गेले. त्यांच्या घरी दुःख आहे, त्यात तुमचं ओझं कशाला?" त्यांनी मला कोरा कागद आणि पेन दिलं. "तुम्हीच लिहा. मुलगी म्हणून लिहा."

मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसून लिहिलं. पाच ओळी. त्यात एक वाक्य असं होतं, की माझे वडील असते तर त्यांना फार वाईट वाटलं असतं. सरांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि सावकाश वाचला. त्या वाक्यापाशी थांबले. बोट ठेवून म्हणाले, "इथं तुम्ही साधा भूतकाळ लिहिलाय. म्हणजे वडील होते, आणि त्यांना वाईट वाटलं. तसं नाही म्हणायचं आपल्याला. जे नाहीत त्यांच्याबद्दल बोलायचं रूप वेगळं."

त्यांनी दोन्ही क्रियापदांची रूपं खोडली, वर बारीक अक्षरात नीट लिहिली, आणि कागद माझ्या हातात दिला.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "पाठवा."

मी पाठवलं.